ऊसपट्ट्यातली मुलं तग कशी धरतात, हे शोधायचं कसं?

माळेगाव आणि सुपे ही दोन्ही बारामती तालुक्यातलीच गावं. पण एक नीरा डाव्या कालव्याखालच्या बागायतीतलं, दुसरं जिरायती पट्ट्यातलं. दिवाळीच्या आसपास माळेगाव, सोमेश्वर, इंदापुरातलं भवानीनगर इथल्या कारखान्यांचं गाळप सुरू झालं, की बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि त्यांच्या कोप्यांमधून, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमधून, तिसरंच बालपण सुरू होतं. अडचणीत वाढूनही काही मुलं नीट उभी राहतात. ती कशाच्या जोरावर, हे शोधायचं तर आधी कोणाची अडचण कोणती, ते वेगळं करावं लागतं. बागायतीत कर्ज किंवा बापाची दारू असेल, जिरायतीत पाण्याची ओढ, कोपीत अर्ध्या वर्षाची तुटलेली शाळा. ‘ग्रामीण कुटुंब’ असा एकच रकाना आखला, की अभ्यास तिथेच फसला.

या शोधाची वाट घालून देणारा अभ्यासही उसाच्याच मुलखातला, हवाईतल्या काउआई बेटावरचा. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत काढला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं आजारपण अशी अनेक ओझी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या बाबतीत वारंवार दिसलं ते असं, की आईबाप नाही तर आजी, मोठं भावंड किंवा शिक्षक, कोणीतरी एक माणूस त्यांना धरून होतं. घराला खरोखर उपयोगी पडेल असं काम अंगावर असणं, हीसुद्धा जमेची बाजू ठरली.

हे दुसरं निरीक्षण आपल्याकडे जपून वापरावं. शेळ्यांना पाणी दाखवणारा मुलगा आणि आई फडात गेल्यावर कोपीत तान्ह्या भावाला दिवसभर सांभाळणारी नऊ वर्षांची मुलगी, दोघंही घराला हातभारच लावतात. पण तिची शाळा बुडते. म्हणून कामाबरोबर कामाचे तासही नोंदवायचे. नाहीतर बालमजुरीलाच आपण ‘कणखरपणा’ म्हणून मोकळे होऊ.

मुलाची वाढ मोजणं त्या मानाने सोपं. उंची, वजन, बोलणं, खेळणं, शाळेतली हजेरी. अवघड आहे ते घर मोजणं. सासूसमोर सुनेला विचारलं, तर उत्तर सासूच देते. ‘कुटुंबाचा आधार मिळतो का?’ या प्रश्नाला ‘मिळतो की’ याखेरीज दुसरं उत्तर येत नाही. त्यापेक्षा कालचा दिवस विचारावा: सकाळी पोराला कोणी उठवलं, भाकरी कोणी वाढली, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, रागावल्यावर ते कोणाकडे पळतं? माझ्या मते घराची ताकद कळते ती याच उत्तरांत. आईबाप तोडीला आणि मुलं गावी आजीजवळ, अशा घरात तर आजीची तब्येत हीच सर्वांत महत्त्वाची नोंद.

वेळही चुकवून चालत नाही. मे महिन्यात बारामतीत आलेल्याला कोप्या सहसा दिसणार नाहीत. आणि एकदा भेटून भागत नाही, कारण तग धरणं वर्षांनी कळतं. अडचण अशी, की टोळी दरवर्षी त्याच कारखान्यावर येईलच असं नाही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोणत्या मुकादमाकडून घेतली, त्यावर ते ठरतं. म्हणून पहिल्याच भेटीत मूळ गाव लिहून घ्यायचं आणि पुढची गाठ पावसाळ्यात तिथेच जाऊन घ्यायची.