दुःखाला काम देणारी श्रद्धा

वसईचा किल्ला पाहायला येणारा पाहुणा चिमाजी अप्पांचे नाव घेऊन येतो आणि १७३९ च्या विजयाची आठवण घेऊन परततो. ते योग्यच आहे. पण याच मातीत जन्मलेल्या आणखी एका माणसाची गोष्ट वसईबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. संत गोन्सालो गार्सिया हे त्यांचे नाव. भारतात जन्मलेल्यांपैकी कॅथॉलिक चर्चने संतपद दिलेले ते पहिले. गासच्या चर्चला आणि वसईतल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. दर फेब्रुवारीत त्यांचा सण साजरा होतो आणि त्यांच्या हौतात्म्याचा महिमा सांगितला जातो. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला त्याआधीचा भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

सोळाव्या शतकाच्या मध्याला गोन्सालोंचा जन्म वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट गुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर थेट जपानला गेले. तिथे ते जपानी भाषा शिकले आणि काही वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. त्याच संघात रीतसर प्रवेश मिळावा ही त्यांची आस होती. तो प्रवेश त्यांना मिळाला नाही. ज्यांच्या घरात लहानाचे मोठे झालो त्यांनीच उंबऱ्यावर थांबवावे, याहून मोठा घाव कोणता?

गोन्सालो व्यापारात शिरले. तिथे त्यांचा जम बसला, पैसा आला. दुसरा एखादा तिथेच रमला असता. पण मनातली ओढ काही सुटली नाही. मनिलाला जाऊन ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. तेही पुरोहित म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानला धाडले, तेव्हा दुभाषी हवा होता. वाया गेली असे वाटावे अशी वर्षे अखेर कामाला आली. राजदरबारी बोलणी करणारा हाच वसईकर क्योतोत कुष्ठरोग्यांच्या सेवेतही होता.

पुढे १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरच्या मालाचा वाद चिघळला आणि ज्या हिदेयोशीने या साधूंना राहू दिले होते, त्यानेच त्यांना देहदंड फर्मावला. कैद्यांचे कान छाटून त्यांची धिंड काढली गेली. भर थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत त्यांना नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्या २६ जणांत तिघे जेझुइट होते. ज्या संघाने दार लावून घेतले, त्याच संघातली माणसे अखेरच्या घडीला गोन्सालोंच्या शेजारी होती. १८६२ मध्ये रोमने या सर्वांना संत म्हणून जाहीर केले.

देवानेच तो नकार घडवून आणला, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. इतकेच दिसते की नकारानंतर जे हाती उरले, ती भाषा आणि तो अनुभव, ते या माणसाने कडवटपणापायी फेकून दिले नाही.

बँकेच्या नोकरीत मी कर्जदारांइतकेच जामीनदारही पाहिले. भाऊबंदाच्या शब्दाखातर सही करायची आणि कर्ज थकले की नोटीस हातात धरून काउंटरसमोर उभे राहायचे. त्या माणसाला रकमेपेक्षा 'आपलाच होता' हे अधिक झोंबते. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या आमच्या वसई-विरार पट्ट्यात सातबाऱ्यावरच्या एका नावापायी भाऊ भावाला पारखा झाल्याची घरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. अशा माणसाला 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसवणे सोपे असते, आणि निर्दयही.

बायबलातला योसेफ आठवावा. भावांनीच त्याला वीस नाण्यांना विकले. इजिप्तमध्ये तो गुलाम झाला, खोट्या आळापायी तुरुंगात गेला. पुढे सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात साठवून त्याने दुष्काळाची सात वर्षे निभावून नेली. त्याच धान्यासाठी भाऊ दारी आले. योसेफाने त्यांना जवळ केले, पण लगेच नाही. आधी त्यांची परीक्षा घेतली. धाकट्याला संकटात एकटे टाकतात की नाही ते पाहिले. क्षमा म्हणजे कोऱ्या चेकवर सही नव्हे, हे त्या जुन्या ग्रंथाला पक्के ठाऊक होते.

क्षमा म्हणजे मौनही नव्हे. त्याचा दाखला वसईनेच दिला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्याचे नेतृत्व केले. बागायती वाचाव्यात म्हणून हा धर्मगुरू बिल्डरांच्या पैशाविरुद्ध आणि दहशतीविरुद्ध उघडपणे बोलत राहिला. 'सुबोध बायबल'साठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा केवळ धर्मगुरू असल्यावरून विरोध झाला. ज्या भाषेसाठी जन्मभर लिहिले तिच्याच घरात परके ठरवले जाण्याचा तो प्रसंग. जानेवारी २०२० मध्ये ते त्या व्यासपीठावर गेले आणि मराठीविषयी, माणसांविषयी बोलले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

या तिन्ही गोष्टींत घाव आपल्या माणसांकडून किंवा आपल्या म्हणवणाऱ्या जागेतून आलेला आहे. तिन्हींत तो भरून आल्याचे कुठे दिसत नाही. योसेफ तर भावांना पाहून पुन्हा पुन्हा रडतो. पण तिघांनीही त्या दुःखाला कुणाच्या तरी उपयोगाचे काम दिले. कुणी भुकेल्यांना धान्य पुरवले, कुणी कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली, कुणी गावची शेते राखली. श्रद्धेने त्यांना त्यासाठी बळ दिले. ती श्रद्धा नसलेल्या वाचकालाही हे काम ओळखता येईल. जवळच्या माणसाकडून फसलेला कुणी आपल्या ओळखीत असेल, तर त्याला अर्थ समजावून सांगण्याची घाई करू नये. त्याची बाजू आधी ऐकावी, कागदपत्रे पाहायला मदत करावी. अर्थ लागायचा तर तो पुढच्या कामात त्याचा त्यालाच लागतो.