‘पंच मॅनेज होता’ हे तपासायचं कसं?

कोल्हापुरात कुस्ती किंवा फुटबॉल बघणाऱ्याला हे वाक्य नवीन नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची मॅच असो नाहीतर महाराष्ट्र केसरी, हरलेल्या बाजूचा निम्मा राग पंचावरच निघतो. आज या रागाचाच रिसर्चचा प्रश्न करून बघू. विषय शोधताना आपली अडचण नेमकी हीच असते : मत भरपूर असतं, पण तपासता येईल असा प्रश्न हातात नसतो.

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. जानेवारी २०२३, पुणे. महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात गंगावेश तालमीचा सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर हरला. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, मग चार गुण कसे, असं त्याच्या चाहत्यांचं म्हणणं. तो व्हिडिओ कोल्हापुरात किती मोबाईलवर, किती वेळा थांबवून पाहिला गेला असेल! पुढे पंचांना धमकीचा फोन आल्याची तक्रार पोलिसांत गेली. २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर चितपटीच्या निर्णयावरून चिडलेल्या शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पैलवानाची वर्षं आणि पंचाची सुरक्षितता, दोन्ही पणाला लागतात. म्हणून ‘पक्षपात’ हा शब्द जपून वापरायला हवा.

पहिली पायरी : चूक आणि पक्षपात वेगळे करा. चूक दोन्ही बाजूंना होते. पक्षपात म्हणजे चुका सतत एकाच बाजूला झुकणं. त्यामुळे एका कुस्तीवरून फार तर चूक दाखवता येते, पक्षपात नाही. समजा, दहा वादग्रस्त निर्णयांपैकी सात तुमच्या विरोधात गेले. संशय येणारच. पण नाणं दहा वेळा उडवलं तरी सात किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. म्हणजे नुसत्या योगायोगानंही हे सहज घडू शकतं.

दुसरी पायरी : आपले डोळेही तपासा. १९५१ मध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या कॉलेजांचा धसमुसळा फुटबॉल सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग त्यांच्याच मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. कुणी खोटं बोलत होतं असं नाही, प्रत्येकाला दिसलंच तसं. त्यामुळे ‘व्हिडिओत स्पष्ट दिसतंय’ हा पुरावा वाटतो तेवढा पक्का नसतो.

मग पंच निर्दोष म्हणायचे का? तसंही नाही. पंचांचा कल मोजता येतो आणि तो मोजला गेलाय. नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४० फुटबॉल पंचांना एकाच मॅचमधले ४७ प्रसंग दाखवले. काहींना प्रेक्षकांचा आवाज ऐकू येत होता, बाकीच्यांना नाही. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. बघा, इथे पैसे नाहीत, ओळख नाही, नुसता आवाज आहे. स्पेनच्या लीगवरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : यजमान एका गोलनं मागे असेल तर पंच शेवटी जास्त वेळ वाढवून देतात, एका गोलनं पुढे असेल तर कमी.

आपल्या कुस्तीला सगळ्यात जवळचा प्रयोग तायक्वांदोचा. २००८ मध्ये हागेमान आणि सहकाऱ्यांनी ४२ पंचांना लढतींचे व्हिडिओ दाखवले. नंतर त्याच लढतींत संगणकावर लाल आणि निळ्या रंगांची अदलाबदल केली. खेळ तोच, तरी लाल रंगातल्या खेळाडूला सरासरी १३ टक्के जास्त गुण मिळाले. गादीवरच्या कुस्तीतही लाल आणि निळाच असतो, हे लक्षात घ्या.

या प्रयोगांची युक्ती एकच आहे : बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. म्हणून ‘पंच मॅनेज होता का?’ हा प्रश्न सोडा, कारण माणसाच्या मनातला हेतू व्हिडिओतून मोजता येत नाही. त्याऐवजी विचारा, ‘प्रेक्षकांचा आवाज बंद केला, तर त्याच डावाला पंच तेवढेच गुण देतात का?’ त्यासाठी वादग्रस्त डावांबरोबर साधे डावही घ्या, नाहीतर सॅम्पल आपल्या रागानं निवडलेलं असेल. पंच परराज्यातले घ्या, म्हणजे पैलवान त्यांच्या ओळखीचे नसतील. निकाल सांगू नका. निम्म्यांना आवाजासह आणि निम्म्यांना आवाजाशिवाय दाखवा, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि कितपत फरक पडला तर तो मानायचा, हे डेटा बघण्याआधी लिहून ठेवा.

यातून २०२३ चा निकाल बदलणार नाही. सिकंदरनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गदा जिंकून आपल्यापुरतं उत्तर दिलं. पण आवाजानं निर्णय झुकतो असं इथंही दिसलं, तर आवाजापासून दूर बसलेल्या व्हिडिओ पंचाची मागणी पुराव्यानिशी करता येईल. आणि नाही दिसलं, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे छापायची तयारी ठेवा. विशेषतः पैलवान आपल्या तालमीचा असेल तेव्हा.