बेटाचं कोटेशन

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत साधं ड्रिल मशीन घ्यायचं झालं तरी तीन कोटेशनं मागवतात, ती एका कागदावर शेजारी-शेजारी मांडतात आणि मग भांडायला बसतात. त्या कागदाला इथं कंपॅरेटिव्ह म्हणतात. २०२५ च्या पावसाळ्यात तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं, एका मशीन शॉपच्या केबिनमध्ये असाच एक कंपॅरेटिव्ह तयार होत होता. फक्त रकान्यांच्या डोक्यावर मशीन कंपन्यांची नावं नव्हती, तीन ठिकाणं होती: अंदमान, मॉरिशस, मालदीव.

मी टिळकवाडीत प्रवासाची बुकिंगं करतो. माझं गिऱ्हाईक बहुतेक उद्यमबाग आणि मच्छेतलं, फौंड्रीवाले, हायड्रॉलिकवाले. त्या मशीन शॉपच्या मालकांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि वैनींनी एकच अट घातली होती: गोवा नको. बेळगावच्या माणसाला समुद्र म्हणजे चोर्ला घाट उतरून गोवा, फार तर मालवण नाहीतर कारवार. तो समुद्र वैनींना घरच्यासारखा झालेला. त्यांना बेट पाहिजे होतं, आणि या खेपेला खर्चाला मागंपुढं बघायचं नाही असंही ठरलेलं. माणसं पाच: दोघं नवरा-बायको, कॉलेजातली मुलगी, दहावीतला मुलगा आणि मालकांची आई.

तारखांवर मात्र कुणाचं चाललं नाही. दसऱ्याची सुट्टी हीच मुलाची शेवटची मोकळी सुट्टी, आणि खंडेनवमीला मशिनांची पूजा केल्याशिवाय मालक गाव सोडणार नाहीत. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. म्हणजे जायचं ३ तारखेला. त्या दिवशी एकादशी, आजींचा उपवास. परत यायचं शाळा सुरू व्हायच्या आत, कोजागिरी करून. बेट कुठलं ते ठरायच्या आधी एवढं पंचांगानंच ठरवून टाकलं.

अंदमान लवकर गळालं. आजी ज्येष्ठांच्या ग्रुपबरोबर सेल्युलर जेल बघून आलेल्या. राधानगरचा किनारा देखणा आहे, मागं दाट जंगल आहे, तिथं चांगल्यातलं चांगलं रिसॉर्टही आहे. पण श्री विजयपुरमला (जुन्या पोर्ट ब्लेअरला) उतरून पुन्हा बोटीनं स्वराज द्वीपला जायचं, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथला पाऊस अजून हटलेला नसतो.

मॉरिशसचा रकाना मी स्वतः मन लावून भरला होता. मला विचाराल तर ऑक्टोबरात मॉरिशसच. आग्नेयेकडून येणारे वारे तोवर मंदावतात, पाऊस कमी असतो, चक्रीवादळांचे दिवस जानेवारीपासून पुढं. बेट मोठं, डोंगर आहेत, उसाचे मळे आहेत, संध्याकाळी गाडी काढून कुठंतरी जाता येतं. आजींना सांगितलं की तिथं कोकणातून गेलेली मराठी माणसं एकोणिसाव्या शतकापासून आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते आणि फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यालगत कास्काव्हेल नावाचं मराठी वस्तीचं गाव आहे. आजी लगेच तयार. पण मुंबईहून सहा तासांचं विमान, त्याआधी बेळगाव ते मुंबई. चार रात्रींसाठी एवढी धावपळ म्हणजे बेट बघण्यापेक्षा विमानतळच जास्त बघणं. मालकांनी पेन्सिलनं रेघ मारली. “पुढच्या वर्षी, सावकाश,” म्हणाले. राहिला मालदीव, बेंगळूरहून दोन तासांवर.

खरं काम इथून पुढं. मालदीवात प्रवाळाची सुमारे बाराशे बेटं आहेत, आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट ही तिथली पद्धत, १९७२ साली कुरुंबापासून सुरू झालेली. बेट निवडलं की हॉटेल, किनारा, जेवण, शेजार सगळं एकदम निवडलं. चुकलं तर रिक्षा करून दुसऱ्या हॉटेलात जायची सोय नाही. मी काढलेली सहा-सात रिसॉर्टं मालकांनी स्क्रीनवर बघितली. सगळीकडं तेच निळं पाणी, तीच लाकडी पुलावरची घरं, तोच पाण्यावर तरंगणारा नाश्ता.

“ओ, हे सगळे फोटो झाले. ड्रॉइंग कुठाय?”

गंमत म्हणून म्हणाले असतील, पण मी बेटाचा नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी-शेजारी लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. रात्रंदिवस ड्रॉइंग वाचणारा माणूस. पहिला प्रश्न आला, उत्तर कुठल्या बाजूला? आजवर हनीमूनला निघालेल्या एकाही जोडप्यानं मला हा विचारलेला नाही, आणि मालदीवात सगळ्यात आधी विचारायचा तो हाच.

तिथं वर्षाचे दोन भाग. साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा वारा, त्याला तिथं हुळंगू म्हणतात. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा कोरडा वारा, तो इरुवै. हुळंगूत लाटा बेटाच्या पश्चिम अंगावर येतात, तिथली वाळू ओढतात आणि पूर्वेकडं नेऊन टाकतात. इरुवै सुरू झाला की तीच वाळू परत फिरते. बेटांची उंची समुद्रापासून मीटर-दीड मीटर, सगळा पसारा प्रवाळाच्या भुग्याचा, त्यामुळं किनारा ऋतूप्रमाणं सरकत राहतो. जानेवारीच्या फोटोत ज्या घरासमोर रुंद पांढरी पुळण दिसते, तिथंच ऑक्टोबरात वाळूच्या पोत्यांची रांग असू शकते.

रिसॉर्टवाले मात्र सूर्यास्ताच्या बाजूच्या खोल्यांना जास्त दर लावतात, सूर्योदयाच्या बाजूला कमी. वैनींना अर्थातच सूर्यास्त हवा होता. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वारा पश्चिमेकडून, म्हणजे सूर्यास्ताच्या खोलीत जास्तीचे पैसे देऊन वारा, लाटांचा आवाज आणि आटलेली पुळण. पूर्वेकडं पाणी शांत, वाळू भरपूर, दर कमी. मालकांनी हे वैनींना टेबलावर डबा आणि पाण्याची बाटली मांडून समजावलं. वैनी म्हणाल्या, “मग सूर्यास्त बघायला चालत पलीकडं जाऊ की, केवढं ते बेट!” बरोबर होतं, बेटाची रुंदी उद्यमबागेतल्या एका गल्लीएवढीसुद्धा नव्हती.

दुसरा प्रश्न प्रवाळाचा. खोलीसमोरचं उथळ पाणी म्हणजे लगून, आणि ते संपतं तिथं प्रवाळाची कड, जिथून समुद्र एकदम खोल जातो. काही बेटांवर ही कड किनाऱ्यापासून हाकेवर असते, पाण्याचा चष्मा लावून पोहत गेलं की मासे. काही ठिकाणी ती इतकी लांब की बोट लागते, आणि लगूनमध्ये नुसती वाळू. फोटोत दुसरं जास्त सुंदर दिसतं, कारण पांढऱ्या वाळूवर पाणी फिकट निळं दिसतं. प्रवाळावर ते काळपट. आधी मी मुलांना काय पाहिजे ते विचारतो, मगच बेट सुचवतो. गोव्याच्या लाटांत वाढलेल्या पोरांना सपाट लगूनचा दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. या मुलाला मासे बघायचे होते, म्हणजे कड जवळ पाहिजे. शिवाय फोटो कधीचे ते विचारायचं. समुद्र तापल्यानं १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, २०२४ मध्येही जगभर तेच झालं. जाहिरातीतलं रंगीत प्रवाळ त्याआधीचं असू शकतं.

मुलीनं मांटा रे शोधून काढले. बा अटोल या प्रवाळबेटांच्या वर्तुळातल्या हनिफारू खाडीत जून ते नोव्हेंबर हे थाळ्यासारखे पसरट प्रचंड मासे प्लवक खायला गोळा होतात, म्हणजे आमच्या तारखा अगदी जुळत होत्या. पण बा म्हणजे बहुतेक सीप्लेन. पंधरा-सोळा माणसांचं ट्विन ऑटर, पाण्यावरून उडतं, पाण्यावर उतरतं, आणि उजेड असेपर्यंतच. दुपार कलल्यावर राजधानी मालेला पोचलं तर ते मिळेलच असं नाही. मग रात्र तिथंच काढायची आणि रिसॉर्टची पहिली रात्र फुकट गेली तरी भाडं द्यायचं. सामान माणशी वीस किलो, हातात पाच. भाडं माणशी चारशे-पाचशे डॉलर जाऊन-येऊन. दोन्ही मुलं बारा वर्षांच्या पुढची, त्यामुळं सवलत नाही.

इथं मालकांना त्यांच्या धंद्यातली भाषा सापडली. “म्हणजे तुमचा रेट एक्स-वर्क्स आहे, फॅक्टरीच्या दारातला. मला एफओआर पाहिजे, माल माझ्या दारात.” मग आम्ही तसाच हिशेब मांडला. खोलीचा दर पाचशे डॉलर आणि पुढं प्लस प्लस. पहिला प्लस दहा टक्के सर्व्हिस चार्ज, झाले साडेपाचशे. दुसरा प्लस तिथला पर्यटनावरचा जीएसटी, जुलै २०२५ पासून सतरा टक्के, तोही साडेपाचशेवर. एकूण ६४३ डॉलर ५० सेंट. वर माणशी दर रात्री बारा डॉलर हरित कर. बाहेर खानावळ नाही, म्हणून जेवणासकट दर घेतलेला बरा, नाहीतर साध्या पास्त्याचं बिल बघून भूक मरते. हा हिशेब केल्यावर कंपॅरेटिव्हमधलं सगळ्यात स्वस्त रिसॉर्ट तिसऱ्या नंबरवर गेलं, कारण त्याचं बेट लांब आणि सीप्लेन महाग.

आजींच्या बाजूनं मालक एकटेच विचार करत होते. डुलत्या धक्क्यावरून चिमुकल्या विमानाच्या शिडीवर चढायचं, हे त्यांना पटेना. मग स्पीडबोट? ती मालेजवळच्या अटोलमध्येच. हुळंगूत तासभर स्पीडबोट म्हणजे पाठीच्या मणक्यांची परीक्षा, हे मी सांगितलं. वीस-पंचवीस मिनिटांची असेल तर चालेल असं ठरलं. मांटा रे बाद. मुलगी दोन दिवस बापाशी बोलली नाही.

शेवटी उरली तीन रिसॉर्टं. तिघांना मी एकच मेल पाठवली, मालकांनी सांगितलेल्या प्रश्नांची: सूर्योदयाच्या बाजूच्या कुठल्या नंबरच्या खोल्यांसमोर आज पुळण आहे? कड किती मीटरवर? बोटीतून धक्क्यावर चढायला पायऱ्या किती, कठडा आहे का? जनरेटर बेटाच्या कुठल्या टोकाला? हा शेवटचा प्रश्न उद्यमबागेतलाच माणूस विचारणार. पण त्यात तथ्य आहे. बेटावर वीज जनरेटरची, गोडं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं. ती यंत्रं बहुतेक नोकरांच्या वस्तीकडं असतात, आणि त्या बाजूच्या खोलीत रात्री घरघर ऐकू येण्याची शक्यता असते.

एका ठिकाणाहून माहितीपत्रकच परत आलं. दुसऱ्यानं सगळ्या प्रश्नांना एक ओळ लिहिली, सर्व काही उत्तम आहे. तिसऱ्याकडून मोबाइलवर काढलेले चार फोटो आले: ढगाळ आकाश, खोल्यांसमोरची वाळू, धक्क्याच्या चार पायऱ्या आणि कठडा धरून उभा असलेला त्यांचाच एक माणूस, उंचीचा अंदाज यावा म्हणून. सोबत कबुली, की पश्चिमेच्या काही खोल्यांसमोर सध्या पोती आहेत. मालकांनी फोटो मोठा करून पायऱ्या मोजल्या. “ह्यांना पीओ द्या,” म्हणाले, म्हणजे ऑर्डर. हे रिसॉर्ट तिघांत महागडं होतं.

अॅडव्हान्स भरायच्या दिवशी आजींची एक शंका निघाली. प्रवासात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण त्यांच्या पिशवीत असतो. मालदीवात दारू आणि डुकराचं मांस नेता येत नाही, तशाच पूजेच्या मूर्तीही. मी हे फोनवर सांगितलं आणि पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. बुकिंग रद्द होतंय असं मी धरून चाललो. संध्याकाळी वैनींचा फोन आला: बाळकृष्ण शेजारच्या काकूंकडं ठेवायचा ठरलंय, आणि एकादशीच्या दिवशी विमानात साबुदाण्याची खिचडी नेली तर चालते का ते विचारून ठेवा.