नाकासाठी कापलेला पेला

मॅडमनी स्कूटी बाभळीखाली लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि अंगणातूनच विचारलं, "जेवला का राजा?"

"न्हाय अजून. आता भरवणारच हुते," आतून उत्तर आलं.

"मग भरवा. मी बसते."

आधी तपासणी होईल, व्यायाम होतील, वही निघेल, असं मला वाटलं होतं. मॅडम भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

मुलगा नऊ वर्षांचा. आईच्या मांडीवर आडवा, मान मागे पडलेली, तोंड आढ्याकडे. दुधात कुस्करलेली भाकरी आईनं वाटीनंच त्याच्या तोंडात सोडली. अर्धी आत गेली, अर्धी हनुवटीवरून ओघळून गळ्याशी बांधलेल्या पंचावर आली. मग ठसका लागला. हातपाय ताठ झाले, डोळ्यांत पाणी आलं. आईनं पाठ चोळली आणि पुन्हा वाटी उचलली. एक वाटी संपायला पाऊण तास. असं दिवसातून तीनदा. आईची स्वतःची भाकरी चुलीशेजारी ताटाखाली झाकलेली होती. आई ती नेमकी कधी खाते हे मी विचारलं नाही.

सोलापूर-साताऱ्याच्या शिवेवरचा हा कोरडा मुलूख. मॅडम इथल्या गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शाळेपर्यंत पोचता येत नाही त्यांच्या घरी जाणं हे त्यांचं काम. कागदावर त्याला 'गृहाधारित शिक्षण' म्हणतात. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांनी घरी राहून शिकण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आली. त्यामुळे राजाचं नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या तिसरीच्या पटावर आहे. वर्गातल्या बहुतेक पोरांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. दोन महिन्यांत चार-पाच वेळा मी मॅडमच्या मागे स्कूटीवर बसून अशा घरांमधून फिरले.

वाटी संपत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताई, राहू दे थोडं. दोन घास मी देऊन बघू का?"

त्यांनी राजाला उचललं, पण आडवं नाही. आधी त्याचे गुडघे पोटाकडे दुमडले, मग घडी घातल्यासारखा कुशीत घेतला. ताठलेलं अंग बघता बघता सैल पडलं. "हा सरळ धरला की लाकूड होतो. कमरेत वाकवला की सोडतो. हे एक लक्षात ठेवा." धान्याच्या पोत्याला टेकवून त्यांनी त्याला बसवलं. दोन गुडघ्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी, कारण पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. मग त्या त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या आणि उथळ चमच्यात अर्धाच घास घेतला.

चमचा समोरून, सरळ रेषेत. जिभेच्या मध्यावर हलकासा दाब. आणि मग काहीच नाही. राजाचे दात चमच्यावर करकचून मिटले. आई पुढे झुकली, "वढा, वढा." मॅडमनी दुसऱ्या हातानं तिला थांबवलं. ओढलं तर तो आणखी आवळणार. त्या थांबल्या. मी मनात वीसपर्यंत मोजलं. जबडा सुटला, वरचा ओठ हळूहळू खाली आला आणि चमच्यावरचा घास त्यानं स्वतः ओढून घेतला. मगच चमचा बाहेर आला. गिळताना हनुवटी किंचित छातीकडे होती. ठसका लागला नाही.

आईनं नऊ वर्षांत त्याचा वरचा ओठ असा काम करताना पाहिला नव्हता. ती म्हणाली, "ह्येला येतंय की!"

राजाला मेंदूचा पक्षाघात आहे. डॉक्टर 'सीपी' म्हणतात, गावात 'जन्मल्यावर रडलंच नाय' एवढं सांगितलं की पुरतं. रडला नाही, म्हणून काचेच्या पेटीत ठेवला, मग फिट आल्या. मेंदूला झालेली ती इजा वाढत जाणारी नाही. पण स्नायूंना जाणारे हुकूम विस्कटलेले असतात, आणि मूल वर्षानुवर्षं एकाच स्थितीत पडून राहिलं की सांधे आखडत जातात. मान मागे टाकून पातळ पदार्थ ओतला की तो अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या वाटेला जाऊ शकतो. दर पावसाळ्यात राजाला 'छातीत कफ' होऊन दवाखान्यात न्यावं लागायचं. त्यातला थोडा तरी त्या वाटीतून येत असावा, असा मॅडमचा अंदाज. आईला मात्र हे तोंडावर सांगितलं नाही. "नऊ वर्षं तिनंच जगवलाय त्याला," परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या. "चूक दाखवायची तर आधी दुसरी रीत हातात द्यावी लागते."

पाण्याची रीत निघताना सांगितली. मॅडमनी पिशवीतून मऊ प्लॅस्टिकचा पेला काढला, काठावर पेनानं अर्धचंद्र आखला आणि ब्लेडनं तेवढा भाग कापून टाकला. पेला तोंडाला लावला की कापलेली बाजू नाकाकडे येते. नाक अडत नाही, म्हणून शेवटचा घोट घ्यायलाही मान मागे करावी लागत नाही. कापलेला काठ त्यांनी पॉलिशपेपरनं घासला. आईनं पेला हातात घेतला, काठ स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवला आणि परत दिला. "हितं टोचतंय." मॅडमनी पुन्हा घासला.

एवढा वेळ आजी उंबऱ्यात बसून होती. तिचं म्हणणं ठरलेलं, "गिराणात हिनं विळी हातात घेतली हुती, बाई." सुनेनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की तिनं मान वर केली नाही. मॅडमनीही वाद घातला नाही. "आजी, उद्यापासून दुपारचं पाणी तुम्ही पाजायचं. तुमच्या हाताला घाई नाही." आजीनं पेला उलटसुलट करून पाहिला आणि कनवटीची चंची बाजूला ठेवली.

आठवड्याचे १६८ तास. त्यातला एक मॅडमचा, तोही आठवडा नीट गेला तर. उरलेले १६७ घराचे. म्हणून मॅडम मुलाला शिकवायला जातात असं म्हणणं अर्धंच खरं. त्या घराला शिकवायला जातात, आणि तेही घरात जे आहे त्याच्यावर भागवून.

खुर्चीचंच बघा. राजाच्या घरात एक चाकाची खुर्ची होती. शिबिरात मिळालेली, मोठ्या माणसाच्या मापाची, दारातून आत न जाणारी. तिच्यावर धुणं वाळत होतं. मॅडमनी टेप काढला. कुल्ल्यापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, काखेपर्यंतची उंची. आकडे वहीच्या पानावर लिहून ते पान गावातल्या सुताराकडे नेलं. कोपऱ्याची खुर्ची म्हणजे दोन फळ्या काटकोनात जोडायच्या, की पाठ कोपऱ्यात बसते आणि खांदे आपोआप पुढे येतात. पुढे काढता येईल असा पाट, मांड्यांमध्ये लाकडी ठोकळा. सुतारानं कागद पाहून विचारलं, "पाय लोंबकळणार व्हय?" मग स्वतःच पायाखाली फळी वाढवली, आणि तीन भोकं पाडून ती खालीवर होईल अशी केली. पोरगं वाढणार, हे त्यानं शिबिरवाल्यांच्या आधी ओळखलं. मजुरी त्यानं घेतली नाही, प्लायवूडचे पैसे घेतले. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. ते पैसे त्यातून मिळावेत म्हणून मॅडमनी ग्रामसेवकाकडे अर्ज दिला, आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय त्या कुठल्याच कचेरीतून उठत नाहीत.

कागद हा या घरांतला दुसरा व्यायाम. प्रत्येक घरी कापडदुकानाची एक पिशवी असते, तिच्यात सगळं: फाईल, झेरॉक्स, फोटो, मेंदूचा जुना स्कॅन. आणि पहिला प्रश्न नेहमी टक्क्यांचा. "तुमच्याला किती टक्के?" "ऐंशी." "बरं हाय मग." म्हणणाराही चपापतो, ऐकणाराही. पण हिशेब खरा आहे. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, आणि बहुतेक सवलतींचं दार ४० टक्क्यांना उघडतं. ८० आणि त्यापुढे निळं ओळखपत्र, ४० पासून ८० च्या आत पिवळं, त्याखाली पांढरं. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत असो की संजय गांधी निराधारचं अनुदान, आधी अपंगत्वाचा दाखला.

दाखल्याच्या दिवशी मी दुसऱ्या एका मायलेकींबरोबर जिल्ह्याच्या गावी गेले. मुलगी सहा वर्षांची. पाच वर्षांपर्यंत दाखल्यावर 'विकासात विलंब' एवढंच लिहितात. त्यानंतर बौद्धिक अक्षमता आहे का, हे नव्यानं तपासावं लागतं. पहाटे पाचची एसटी, साडेदहाला नंबर, खोलीत जायला दुपार.

मानसतज्ज्ञांच्या टेबलावर ठोकळे, चित्रांचे पत्ते आणि झिजलेली पुस्तिका होती. बिने-कामत चाचणी. फ्रेंच बिनेची ही कसोटी कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. ती अजून वापरात आहे. मुलगी बोलत नव्हती. ठोकळे तिनं ओळीत लावले, मोडले, पुन्हा लावले. मग प्रश्न आईकडे वळले.

"स्वतःच्या हातानं जेवते?"

"जेवती की."

"न सांडता?"

आई थांबली. "सांडती."

"शी-शू सांगते?"

"कळतं तिला."

"सांगते का?"

"न्हाय."

"चप्पल उलटी-सुलटी ओळखते? दुकानातून एकटी काही आणते?"

त्या बाईचा आवाज उतरत गेला. सहा वर्षं भावकीत, लग्नकार्यात, शेजारणींपुढे ती हेच सांगत आलेली की सगळं येतंय पोरीला, जरा उशिरा येतंय एवढंच. या टेबलापुढे लेकीला काय येत नाही ते एकेक करून सांगायचं होतं, आणि लेकीसमोरच. झाकलं तर टक्के घटणार. बाहेर आल्यावर तिनं लेकीला जवळ ओढून, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "कोंबड्या मोजती ही. सांजच्याला एक कमी असली की वरडती." पुस्तिकेत कोंबड्यांचा रकाना नव्हता.

मॅडम अशा दिवशी आईला आदल्या रात्री फोन करतात. कागदांची यादी सांगतात, आणि शेवटी म्हणतात, "तिथं खरं ते सांगा. घरी येऊन मला तिला काय येतं ते सांगा, मी लिहून ठेवते." त्यांच्या वहीत डाव्या पानावर अडचणी आणि उजव्या पानावर 'येतं' अशी यादी असते. कोंबड्या दुसऱ्या दिवशी उजव्या पानावर गेल्या.

या कामात उशीर ही सगळ्यात महाग गोष्ट. एका वस्तीवर अंगणवाडीच्या ताईंनी वजन करताना पाहिलं, की आठ महिन्यांचं बाळ मान धरत नाही. त्या वर्षातून दोनदा येणाऱ्या आरोग्य पथकाची वाट बघत बसल्या नाहीत, मॅडमना फोन केला. बाळाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. आता आई त्याला दिवसातून चार-पाचदा पोटावर झोपवते, समोर स्टीलचं भांडं ठेवते, आणि त्यातलं स्वतःचं तोंड बघायला बाळ मान उचलतं. राजाच्या वेळी असं कुणी पाहिलं नव्हतं. मॅडम दोन्ही घरी जातात, पण एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरी सांगत नाहीत.

राज्यानं २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करायचं ठरवलं, शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक. त्याआधी वर्षानुवर्षं ही माणसं करारावर होती, दर काही महिन्यांनी नेमणुकीचा कागद नवा. पेट्रोल टाकून वस्तीवर जाणाऱ्याला पुढच्या वर्षी आपण इथं असू का हे माहीत नसायचं. एक माणूस बदलला की घर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतं: रडला नव्हता, पेटीत ठेवला होता.

महिन्याच्या शेवटी गटसाधन केंद्रात पालकांची बैठक होती. तीसेक जण, त्यांत बाप फक्त तीन. निरामय विम्याची माहिती झाली: वर्षाला एक लाखापर्यंत, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना. मग एका बापानं विचारलं, "आमच्यामागं ह्याचं काय?" उत्तर कायद्यात आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, मूल अठराचं झालं की ती कायदेशीर पालक नेमते. बापानं ऐकून घेतलं, अर्ज कुठं मिळतो तेही लिहून घेतलं. "समिती भरवणार न्हाय," एवढं बोलून तो खाली बसला. मॅडमनी त्यावर काही सांगायचा प्रयत्न केला नाही.

चहाच्या सुट्टीत मॅडम एका आजोबांचा फॉर्म भरत टेबलाशी वाकल्या होत्या. राजाची आई मागच्या बाकावर होती. राजा आता कोपऱ्याच्या खुर्चीत बसून अर्ध्या तासात जेवतो, कधी पाऊणही लागतो. शनिवारी शाळा सुटली की तिसरीतली चार पोरं अंगणात येतात, खुर्चीच्या पाटावर गोट्या घरंगळवतात, आणि गोटी खाली पडली की राजा मोठ्यानं हसतो. हे सांगत ती शेजारच्या बाईच्या मांडीवरचं मूल बघत होती. दोन-अडीच वर्षांचं, मान मागे. ती बाई बाटलीच्या झाकणानं पाणी पाजत होती. ठसका लागला.

राजाच्या आईनं कापडी पिशवीत हात घातला. प्लॅस्टिकचा पेला, ब्लेड आणि पॉलिशपेपरचा चतकोर तुकडा. तिनं पेनानं आखलं नाही, अंदाजानंच कापलं. मग बराच वेळ घासलं, काठ खालच्या ओठावरून फिरवला, पुन्हा घासलं.

"मान वर करू नगा त्येची," ती म्हणाली. "आन् घाई न्हाय करायची. थांबलं की घेतंय."