लॅपटॉपची बॅटरी : प्रभारणातील दोष व आयुर्मान

प्रभारण थांबले की बॅटरी निकामी झाली, असा निष्कर्ष काढण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. स्वस्त लॅपटॉपच्या बाबतीत हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा व खर्चाचा ठरतो. दोष प्रथम चार्जर, त्याची वायर व सैल झालेली पिन यांत शोधावा. यूएसबी-सी पद्धतीच्या ४५ वॉटच्या लॅपटॉपला मोबाइलचा १५ वॉटचा चार्जर जोडल्यास प्रभारण मंदावते किंवा होतच नाही. यात बॅटरीचा अपराध कोणता? ८० टक्क्यांवर प्रभारण थांबणे हा तर बहुधा दोष नसून संरक्षणाची योजना होय.

बॅटरीच्या ऱ्हासाचे कारण निराळे आहे. लिथियम-आयन घट पूर्ण भरताना त्याचा विद्युत्दाब सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. त्या अवस्थेत, विशेषतः उष्णतेत, घट दीर्घकाळ राहिल्यास ग्रॅफाइटवरील थर जाड होतो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा उपयोगी पडत नाही. सबब चार्जर अहोरात्र जोडून लॅपटॉप गादीवर ठेवणे अनिष्ट. बॅटरी पूर्ण रिकामी करूनच भरावी, हा निकेल-कॅडमियमच्या काळातील उपदेशही येथे अपायकारकच. बॅटरी फुगलेली दिसल्यास मात्र प्रभारण तत्काळ बंद करावे. ती दाबू अथवा टोचू नये.