घरचं इंजिन – भाग ५ : लायनर किती घासलाय?

मागच्या आठवड्यात हेड उतरलं, चेंबर खाली आलं आणि चारही पिस्टन वरून बाहेर निघाले. रेडिएटरच्या बाजूने १ ते ४ असे नंबर टाकून ते फळीवर ओळीने ठेवले. आता ब्लॉकमध्ये चार रिकामी सिलिंडर दिसताहेत आणि खर्चाचा सगळ्यात मोठा निर्णय इथेच व्हायचा आहे. नुसत्या रिंगा बदलून भागेल, की लायनर-पिस्टनचा पूर्ण सेट घालावा लागेल?

आपल्याकडे हा निर्णय बहुतेक वेळा धुरावरून होतो. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना गाडी सिल्लेवानी घाटात दम सोडते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, मोबिलची टोपी काढली की फसफस वाफ बाहेर पडते. मग कुणीतरी म्हणतं, "भाऊ, रिंगा टाकून देऊ, गाडी पळते पहा." गाडी पळतेही, पण बऱ्याचदा पुढच्या हंगामापर्यंतच. निदान अनुभवाचं असलं तरी माप घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आणि हे माप घरी घेता येतं.

आपण काम करतोय ती टाटा ४०७. ही गाडी १९८६ साली बाजारात आली. पांढुर्णा-सौंसरच्या बागांतून संत्र्याचे क्रेट भरून नागपूरच्या कळमन्याला जाणाऱ्या जुन्या गाड्यांत ती आजही दिसते. तिच्या ४९७ इंजिनाचा नंबरच माप सांगतो : ४ सिलिंडर, ९७ मि.मी. बोअर. जुन्या मोठ्या ट्रकच्या ६९७ मध्येही बोअर ९७ चाच, पण सिलिंडर ६ आणि स्ट्रोक १२८ मि.मी. ४९७ चा स्ट्रोक १०० मि.मी. आहे. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले, त्या घराण्यातलं हे डिझेल इंजिन. खोललं की लक्षात येतं, शिकणाऱ्यासाठी ते फार चांगलं आहे. सगळं दिसतं, सगळ्याला पाना पोचतो.

लायनर सगळीकडे सारखा घासत नाही, ही आजची मुख्य गोष्ट. पिस्टन सगळ्यात वर पोचतो तेव्हा क्षणभर थांबून उलटा फिरतो. त्याच जागी डिझेल पेट घेतं, दाब आणि उष्णता टिपेला पोचतात आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. तो दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. त्यात बागेच्या कच्च्या रस्त्याची धूळ. एअर फिल्टरनंतरच्या रबरी पायपाची एक क्लिप सैल असली, तरी ती धूळ थेट तिथे जाऊन लायनर खाते. पहिली रिंग जिथून परत फिरते त्याच्या वर मात्र काहीच घासत नाही, म्हणून तिथे एक कडा उरते. कार्बन खरवडून काढा आणि नख वरून खाली फिरवा. नख अडलं की झीज आहे एवढं कळलं. किती, ते मोजायचं.

बोअर गेज महाग असतं आणि वापरायला हात बसावा लागतो. आपण एक रिंग आणि लांब पातीचं फिलर गेज घेऊ. रिंग जुनी चालेल, पण चारही सिलिंडरला तीच वापरा. पिस्टनवरून काढलेली रिंग तेल न लावता सिलिंडरमध्ये बसवा आणि उलट्या पिस्टनने ढकलत थेट खाली न्या, रिंगांचा घासा जिथे संपतो त्याच्याही खाली. पिस्टनने ढकलायचं कारण असं की रिंग तिरपी राहिली तर माप खोटं येतं. टॉर्च धरा आणि रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीत पाती घालून पाहा. जी पाती किंचित ओढ लागून सरकते, ते माप खडूने लिहा. मग रिंग वर आणा, कडेच्या जरा खाली, जिथे झीज सर्वांत जास्त असते. पुन्हा मोजा.

समजा खाली ०.४५ मि.मी. आली आणि वर १.०५. फरक ०.६० मि.मी. रिंगचा घेर वाढला तेवढी फट वाढली, आणि घेर म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. म्हणून ०.६० ला ३.१४ ने भागा. उत्तर ०.१९ मि.मी. तुमचा लायनर वरच्या बाजूला व्यासात एवढा मोठा झाला आहे. शाळेतलं वर्तुळाचं गणित ब्लॉकवर वाकून करताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

आता एवढ्या झिजलेल्या लायनरमध्ये नवी रिंग घातली तर काय होईल ते पाहा. इंजिनाच्या दर फेऱ्याला ती वर उघडेल, खाली मिटेल. २००० आरपीएमला मिनिटात २००० वेळा, दर वेळी ०.६० मि.मी. शिवाय जुन्या रिंगचा कोपरा झिजून गोल झालेला असतो, नव्या रिंगचा धारदार असतो. तो त्या उरलेल्या कडेवर आपटतो आणि रिंग तुटते. तुटलेला तुकडा पिस्टनची खाच फोडतो. मग रिंगांचे पैसे तर गेलेच, पिस्टनही गेला. झीज किती चालेल याची मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ती एका जरी सिलिंडरने ओलांडली तरी चारही सिलिंडरचं काम करून घ्या.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. तिने सरासरी व्यास कळतो, सिलिंडर अंडाकृती झालाय का ते कळत नाही. पिस्टन बाजूला रेटला जातो त्या दिशेने झीज अधिक असते. ते माप बोअरिंगवाल्याकडे डायल गेजनेच घ्यायचं. ब्लॉक नागपूरला नेला तर समोर उभं राहून माप घ्यायला सांगा, आणि तुमच्या खडूच्या आकड्यांशी ताडून पाहा. तुम्ही मोजून आलात हे कळलं की समोरचा माणूसही नीट बोलतो. लायनर दाबून बसवणं, बोअर करणं, होनिंग करणं ही कामं मशीनची आहेत. ती घरी करायचा हट्ट धरू नका.

होनिंगनंतर भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. त्यांत तेल धरून राहतं आणि नवी रिंग बसते. पण त्याच रेघांत दगडाची पूडही अडकून बसते, आणि ती डिझेलने धुतली तर निघत नाही. ब्लॉक घरी आला की गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन घासा, लगेच कोरडा करा आणि पांढऱ्या फडक्यावर मोबिल घेऊन आतून पुसा. फडकं करडं झालं की पुन्हा धुवा. स्वच्छ निघेपर्यंत हे सोडू नका, आणि मग लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज चढतो.

नव्या रिंगांची फटसुद्धा प्रत्येक सिलिंडरमध्ये घालून मोजायची. सर्वसाधारण हिशेब १०० मि.मी. बोअरला ०.३ ते ०.४ मि.मी., शेवटचा शब्द रिंगच्या पाकिटावरचा किंवा मॅन्युअलचा. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग लायनर ओरबाडते. तेव्हा बारीक कानसीने टोक घासायचं, आणि मोजलेली रिंग त्याच सिलिंडरच्या नंबराने वेगळी ठेवायची.

पुढच्या भागात क्रँक. ब्लॉक बोअरिंगला द्यायचा असेल तर क्रँक आधी काढावाच लागेल. काढण्यापूर्वी मेन बेअरिंगच्या प्रत्येक कॅपवर नंबर आणि पुढची बाजू पंच करून ठेवा. या कॅप ब्लॉकला बसवूनच एका रेषेत बोअर केलेल्या असतात. अदलाबदल झाली तर क्रँक फिरणार नाही.