दृष्टीवर उठणाऱ्या रक्तवाहिन्या

मोतीबिंदूमुळे अधू झालेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते, हे आता खेडोपाडीही सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे उतारवयात अंधुक दिसू लागले की 'मोतीबिंदू असेल, पिकला की काढू' अशी समजूत करून घेतली जाते. डोळ्यांच्या काही विकारांत मात्र ही प्रतीक्षा फार महागात पडते. डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजेच दृष्टिपटलावर, नको त्या जागी नवीन रक्तवाहिन्या वाढणे हा अशा विकारांपैकी एक होय. त्यात गमावलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही. वेळेवर उपचार झाल्यास उरलेली दृष्टी बहुधा टिकवता येते.

नव्या वाहिन्या का वाढतात?

दृष्टिपटलाला प्राणवायूची गरज फार मोठी असते. दीर्घकाळच्या मधुमेहाने त्यावरील सूक्ष्म केशवाहिन्या बंद पडू लागल्या की तेवढ्या भागाची उपासमार होते. तो भाग मग 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन स्रवून नव्या वाहिन्यांची मागणी करतो. गर्भाच्या वाढीत किंवा जखम भरून येताना हेच प्रथिन उपकारक ठरते. डोळ्यात मात्र त्याच्या प्रभावाने घाईघाईने वाढलेल्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या पाझरतात, फुटतात आणि डोळ्यात रक्त साचून दृष्टी एकाएकी झाकोळते. त्यांच्यासोबत वाढणारा तंतुमय पापुद्रा आकसला, तर पडदा ओढला जाऊन जागेवरून सुटतो. बचावासाठी केलेली धडपडच अशी घातक ठरते.

पन्नाशीनंतर उद्भवणाऱ्या दुसऱ्या एका विकारात पडद्याखालील थरातून वाहिन्या वर शिरतात. पडद्याच्या ज्या मध्यभागामुळे वाचन करता येते आणि चेहरे ओळखता येतात, तो 'मॅक्युला' त्यामुळे निकामी होऊ लागतो. पडद्याची शीर तुंबल्यासही अशी वाढ होऊ शकते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतही पडद्यावर नव्या वाहिन्यांची विकृत वाढ आढळते. म्हणून ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाची नेत्रतपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत होणे अगत्याचे आहे.

उपचारांची वाटचाल

उपाशी पडद्यातून वाहिन्या वाढवणारा एखादा घटक स्रवत असावा, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडला. वाहिन्यांची वाढ रोखून कर्करोगाची गाठ उपाशी ठेवता येईल, ही कल्पना अमेरिकन शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये पुढे आणली. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ वेगळे केले. पुढे १९९४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात ते वाढलेले आढळले आणि शत्रूची ओळख पटली.

तत्पूर्वी मुख्य आधार लेसरचाच होता. लेसरने पडद्याच्या कडेचा उपाशी भाग निष्क्रिय केला की प्रथिनाची मागणी घटते. मधुमेही दृष्टिपटल विकारात हा उपचार आजही महत्त्वाचा आहे. मात्र मॅक्युलाच्या केंद्रावर लेसरचा मारा केल्यास तेथील दृष्टीच नष्ट होण्याचा धोका असतो. ही अडचण इंजेक्शनांनी दूर केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रॅनिबिझुमॅब घेणाऱ्या सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी वर्षभरात फारशी घटली नाही. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना तर पूर्वीपेक्षा बरेच चांगले दिसू लागले. कर्करोगासाठी २००४ मध्ये आलेले बेव्हॅसिझुमॅब त्याच्यापेक्षा बरेच स्वस्त असून दृष्टिलाभात त्याच्या तोडीचे असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. त्यानंतर अफ्लिबरसेप्ट आणि फॅरिसिमॅब ही औषधेही उपलब्ध झाली. कोणते औषध योग्य, हा निर्णय मात्र नेत्रतज्ज्ञांचाच.

इंजेक्शन आणि सातत्य

डोळ्यात सुई या कल्पनेनेच अनेकजण धास्तावतात. प्रत्यक्षात थेंब टाकून डोळा बधिर केला जातो आणि बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या भागातून अतिशय बारीक सुईने काही क्षणांत औषध आत सोडले जाते. जंतुसंसर्गाचा धोका अल्प असला तरी नंतर वेदना, लाली वाढल्यास किंवा दिसणे कमी झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

खरी अडचण सातत्याची असते. औषधाचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो. प्रथिनाचे स्रवणे मात्र चालूच राहते. त्यामुळे प्रारंभी बहुधा दरमहा आणि पुढे गरजेनुसार इंजेक्शने घ्यावी लागतात. जरा बरे दिसू लागताच उपचार सोडणारा रुग्ण कमावलेली दृष्टी पुन्हा गमावू शकतो. खर्चाचा विचारही आधीच करावा. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी आरोग्यविम्यातून ज्या आधुनिक उपचारांना वगळण्यास मनाई केली होती, त्यांत डोळ्यातील या इंजेक्शनांचा समावेश होता. भरपाईला कमाल मर्यादा असू शकते. म्हणून पॉलिसीतील अटी वाचून घ्याव्यात.

दक्षता कोणती घ्यावी?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. प्रौढ वयात मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याची तपासणी करून घ्यावी. तक्रार नाही म्हणून ती टाळू नये, कारण प्रारंभी हा विकार कोणतीच चाहूल देत नाही. रक्तशर्करा व रक्तदाब आटोक्यात ठेवावेत, धूम्रपान सोडावे.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी अधूनमधून वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, भिंतीवरील दिनदर्शिकेचे चौकोन पाहावेत. सरळ रेषा वाकड्या भासल्या किंवा मध्यभागी काळा डाग दिसला, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांना गाठावे. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि दोष लपून राहतो. म्हणूनच दोन्ही डोळ्यांची परीक्षा स्वतंत्रपणे व्हायला हवी.